अक्रोडाच्या कपाटाचे बदललेले पाय



अक्रोड म्हटलं की आपल्याला दिवाळीतला सुक्या मेव्याचा डबा आठवतो. फार तर काश्मीरहून कोणीतरी आणलेली कोरीव पेटी. आज मी तुम्हाला त्या झाडाच्या लाकडाची गोष्ट सांगणार आहे, आणि तीही इंग्लंडातली. साधारण १६६० ते १७४० ही ऐंशी वर्षं तिथे अशी होती, की ज्या घरात चार पैसे खुळखुळायला लागले त्या घरात अक्रोडाच्या लाकडाचं काहीतरी यायचंच. खणांचं कपाट, लिहायचं मेज, आरशाची चौकट, उंच पाठीच्या खुर्च्या. यातल्या पुष्कळ वस्तू अजून शिल्लक आहेत. संग्रहालयांत आहेत, लोकांच्या घरांत आहेत, लिलावात विकल्या जातात. पण सुताराच्या हातून जशी निघाली तशीच्या तशी राहिलेली वस्तू त्यांत क्वचितच सापडते. कुणाचे पाय बदललेत, कुणाच्या मुठी. कुणाचं डोकं एका कपाटाचं आणि धड दुसऱ्याचं.

तीनशे वर्षांत या वस्तूंच्या अंगावर काय काय झालं, कुणी केलं, का केलं, आणि ते ओळखायचं कसं, हे आज बघू.

आता तुम्ही म्हणाल, साहेबांच्या कपाटांशी आपला काय संबंध? सांगते. जुन्या शालूचे काठ उसवून नव्या साडीला लावणं आपल्याला नवीन नाही. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या होतात. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. पण तेच काठ लावलेली साडी कुणी "शंभर वर्षांची अस्सल" म्हणून आपल्या गळ्यात मारली, तर? काम तेच, सुईदोराही तोच, पण गोष्ट बदलली. अक्रोडाच्या फर्निचरचा सगळा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडात राजाचा शिरच्छेद झाला, मग काही वर्षं राजाशिवाय गेली, आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातला वनवास संपवून गादीवर आला. फ्रान्स आणि हॉलंडमध्ये राहून आलेल्या त्याच्या मंडळींना ओकच्या लाकडाचं जुनं, काळपट, जडशीळ सामान आवडेना. त्यात १६६६ मध्ये लंडनला मोठी आग लागली. तेरा हजारांवर घरं जळाली. घरं गेली म्हणजे घरातलं सामानही गेलं. शहर नव्याने बांधायचं, सामान नव्याने करायचं. पुढे १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंट लोकांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं, तेव्हा तिकडून पळालेले हजारो लोक लंडनला आले आणि त्यांत कसबी कारागीर खूप होते. हॉलंडातूनही आले. नवी हौस, रिकामी घरं आणि शिकलेले हात, तिन्ही एकाच वेळी एका शहरात जमले.

अक्रोडाचं झाड तिथलं नव्हेच. मूळचं ते इराण आणि मध्य आशियाच्या बाजूचं. जुन्या इंग्रजीत अक्रोडाच्या नावाचा अर्थच मुळी 'परक्यांचं फळ' असा होतो. १६६४ मध्ये जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने झाडं लावा, जंगलं वाढवा असं सांगणारं एक मोठं पुस्तक लिहिलं, त्यात अक्रोडाचीही शिफारस केली. पण लावलेलं झाड कापण्याजोगं व्हायला दोन पिढ्या जातात. त्यामुळे चांगलं लाकूड फ्रान्सहून यायचं, आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून काळ्या अक्रोडाचं यायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. अक्रोडाचं कपाट म्हणजे अखंड अक्रोडाचं कपाट नव्हे. आपल्याकडे प्लायवर सनमायका चिकटवतात ना, तशी ती रीत होती. आतला सांगाडा पाइनचा किंवा ओकचा आणि वर अक्रोडाचा पातळ पापुद्रा. त्याला व्हिनिअर म्हणतात. हा पापुद्रा दोन माणसं मोठ्या करवतीने हाताने कापायची. दीड ते तीन मिलीमीटर जाडीचा. चिकटवायला सरस. आपले जुने सुतार वापरायचे तोच, जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला, डब्यात गरम करून लावायचा.

आणि हे काटकसरीचं काम नव्हतं बरं का. उलट सगळी कला त्यातच होती. अक्रोडाच्या बुंध्यावर कधी आवाळूसारखी गाठ उठते. त्या गाठीचं लाकूड आडव्या-उभ्या रेषांचं नसतं, ते भोवऱ्यांनी आणि डोळ्यांनी भरलेलं असतं. त्याची फळी केली तर तडकते, पण पापुद्रा केला तर बघत राहावं. एकाच गाठीचे लागोपाठ कापलेले चार पापुद्रे घ्यायचे आणि पुस्तक उघडावं तसे समोरासमोर ठेवायचे, म्हणजे नक्षी आपोआप जुळते. खणाच्या कडेने दोन बारीक पट्ट्या तिरक्या रेषांच्या लावायच्या, पिसासारख्या दिसणाऱ्या. कधी फांदीच काकडीसारखी तिरकी कापून चकत्या शेजारी-शेजारी बसवायच्या. हे ज्याने पहिल्यांदा करून बघितलं असेल त्याच्या घरी नक्कीच कोणीतरी सुगरण असणार, असं माझं आपलं मत.

या सगळ्यात बायका कुठे होत्या? वापरणाऱ्या तर होत्याच. लंडनजवळ टेम्स नदीच्या काठी हॅम हाउस नावाचा वाडा आहे. तो एलिझाबेथ मरी हिला वडिलांकडून मिळाला होता. पुढे ती लॉडरडेलची डचेस झाली आणि १६७० नंतरच्या दहा वर्षांत तिने तो नव्याने सजवला. त्या घराच्या १६७७, १६७९ आणि १६८३ सालच्या सामानाच्या याद्या शिल्लक आहेत आणि यादीतलं बरंचसं सामानही त्याच घरात आहे. अभ्यासकांना असं घर म्हणजे घबाडच.

पण मला जास्त आवडते ती दुसरी बाई. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात 'पांढरा हंस' ही पाटी लावलेलं फर्निचरचं दुकान होतं. मालक जॉन कॉक्स्ड. तो वारला तेव्हा दुकान बंद पडलं नाही. त्याच्या नंतरच्या कपाटांच्या खणांत जे छापील लेबल चिकटवलेलं सापडतं, त्यावर नाव आहे 'जी. कॉक्स्ड आणि टी. वूस्टर'. हे जी. कॉक्स्ड म्हणजे ग्रेस कॉक्स्ड, जॉनची विधवा. टी. म्हणजे थॉमस वूस्टर, तिचा नातलग आणि भागीदार. नवऱ्याच्या पश्चात धंदा चालवायची मुभा लंडनच्या कारागीर-संघांच्या रीतीत विधवेला होती, आणि ग्रेसने तो १७१८ पासून सतरा-एक वर्षं चालवला. पुढच्या काळात त्याच दुकानावर एलिझाबेथ बेल ही दुसरी विधवा दिसते. त्या काळातल्या बहुतेक इंग्रजी कपाटांवर कुणाचंच नाव नसतं. ज्या थोड्यांवर आहे, त्यांत या बाईचं आहे. फक्त एका अक्षरामागे झाकलेलं.

गंमत अशी, की या दुकानाची सगळ्यात नावाजलेली कपाटं अक्रोडाची नाहीतच. पिवळसर अंगावर काळे ढग उठलेले, मधे जस्ती-शिशी रंगाची बारीक धातूची रेघ. लोक वर्षानुवर्षं त्याला तुतीचं लाकूड म्हणत. अलीकडे अभ्यासकांनी लाकूड तपासलं तर ते मेपल निघालं, गाठाळ, तेजाब आणि काजळी वापरून रंगवलेलं. म्हणजे सोंग घेण्याची हौस या धंद्यात पहिल्यापासून होती. पण गिऱ्हाईक जाणून घेत होतं, म्हणून त्याला मी फसवणूक म्हणणार नाही.

आता वळू बदलांकडे.

सगळ्यात आधी जातात ते पाय. साहजिक आहे. फरशी पुसली जाते, ओल लागते, किडा खालून चढतो. सतराव्या शतकाच्या अखेरीला कपाटांना लाडवासारखे गोल, चपटे पाय असत, खुंटीने खालून ठोकलेले. अठरावं शतक सुरू झालं तशी फॅशन बदलली आणि कोपऱ्यात बसणारे, कंसासारखे चपटे पाय आले. मग लोकांनी काय केलं? जुन्या कपाटाचे लाडू काढले आणि कंस लावले. शंभर-दीडशे वर्षांनी ते कंसही झिजले, परत बदलले. आणि विसाव्या शतकात संग्राहकांना वाटायला लागलं की मूळचे लाडूच हवेत. म्हणून कंस काढून पुन्हा लाडू. नवे कोरे लाडू, जुन्यासारखे रंगवलेले. कपाट उलटं करून बघितलं की कोपऱ्यांत खुंटीची जुनी भोकं दिसतात, बुजवलेली किंवा उघडी. भोक असेल तर मूळचे पाय कोणते होते ते कळतं. भोकच नाही आणि पाय मात्र लाडू, तर ते नंतर कुणीतरी हौसेने चढवलेत.

मुठींचंही तसंच. आधी थेंबासारख्या लोंबणाऱ्या पितळी मुठी होत्या. मग दोन खिळ्यांत अडकवलेली कमान आली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लाकडी गोल बोंडं लावायची लाट आली, त्यासाठी प्रत्येक खणात चांगली बोटभर भोकं पाडली गेली. पुढे बोंडं जुनाट वाटायला लागल्यावर परत पितळ. खणाच्या पुढच्या फळीला आतल्या बाजूने बघा. बाहेरून पापुद्र्याने सगळं झाकता येतं, पण आतून कुणी झाकत बसत नाही. तिथे दोन, तीन, कधी चार पिढ्यांची भोकं शेजारी-शेजारी दिसतात. जाणकार माणूस लिलावात आला की समोरून बघण्याआधी खण ओढतो तो याचसाठी.

खण ओढलाच आहे तर आणखी थोडं बघून घेऊ. कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दात करून. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. हाताने कापलेले दात थोडे कमी-जास्त असतात. पण एका कपाटातल्या सगळ्या खणांचे दात एकाच हातचे हवेत, जसं एका बाईच्या हातच्या करंज्यांची मुरड ओळखू येते तसं. वरच्या खणांची मुरड वेगळी आणि खालच्यांची वेगळी, तर समजावं की लग्न लागलेलं आहे.

हो, इंग्रज या धंद्यात हाच शब्द वापरतात, लग्न. लिहायच्या उतरत्या मेजावर पुस्तकांचं कपाट असलेली जोडवस्तू फार महाग जायची. वरचं कपाट एका घरातून आलं, खालचं मेज दुसऱ्या घरातून. दोघांची रुंदी जवळपास जमली, कडेला एक पट्टी ठोकली, झालं लग्न. आणि लग्न आहे तसा काडीमोडही आहे. खणांवर खण असलेलं, माणसाहून उंच दुमजली कपाट आजच्या खोलीत बसत नाही. मग त्याचे दोन भाग करायचे. खालच्याला नवा माथा, वरच्याला नवे पाय, आणि एकाऐवजी दोन कपाटं विकायची.

हे पकडायचं कसं? इथे मला त्या जुन्या सुतारांची कमाल वाटते, कारण ते अतिशय हिशेबी होते. जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर ते अक्रोड वाया घालवत नसत. उंच कपाटाचा माथा माणसाच्या नजरेच्या वर असतो, म्हणून तो साध्या पाइनचा ठेवत. वेगळं केलेलं वरचं कपाट जेव्हा कमरेएवढ्या उंचीवर उभं राहतं, तेव्हा त्याचा उघडा माथा दिसायला लागतो आणि त्यावर पापुद्रा चढवावाच लागतो. तो पापुद्रा नवा असतो. आणि नवा म्हणजे पातळ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्क ब्रुनेल वगैरे मंडळींनी यंत्राच्या करवती आणल्या, त्यानंतर पापुद्रे पातळ होत गेले. पुढे ते सुरीने सोलायला लागले तेव्हा एक मिलीमीटरपेक्षाही कमी. कडेला कुठे टवका उडाला असेल तिथे नख लावून बघितलं तरी जाडी कळते. यंत्राच्या गोल करवतीचे ओरखडे चंद्रकोरीसारखे वाकडे असतात, हाताच्या करवतीचे सरळ. मागच्या फळ्यांवर ते तसेच राहिलेले असतात, कारण मागे रंधा मारत बसायला वेळ कुणाला होता!

एक बिचारं दुसऱ्या प्रकारचं कपाट होतं, चौथऱ्यावर ठेवलेलं. वर खण आणि खाली पाच-सहा बारीक, वळ्यावळ्यांच्या पायांचं स्टँड. एवढा भार त्या काडीसारख्या पायांना झेपायचा नाही. ते मोडायचे, किडायचे. मग स्टँड फेकून द्यायचं आणि वरचा भाग जमिनीवर टेकवायचा. आज दिसणारी मूळ स्टँडची कपाटं थोडी आहेत आणि नंतर नवं स्टँड केलेली पुष्कळ. यात वाईट काय? काहीच नाही. मोडलं, दुरुस्त केलं. मोडलेला पाटा आपण टाकून देतो का, टाकवून घेतो! फक्त विकताना सांगावं.

किड्याबद्दल सांगायचं राहिलं. अक्रोडाचं सालीलगतचं फिकट लाकूड एका बारीक भुंगेऱ्याला फार आवडतं. त्याची अळी आत वर्षानुवर्षं बोगदे करत राहते आणि भुंगेरा झाला की बाहेर पडतो. बाहेर आपल्याला फक्त टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसतं. बोगदा कधीही पृष्ठभागावर उघडा दिसत नाही, कारण अळीला उजेडात चरायचं नसतं. म्हणून एखाद्या खुर्चीच्या पायावर नागमोडी पन्हळी दिसल्या, तर समजायचं की किडलेलं जुनं लाकूड नंतर कुणीतरी कापून, तासून हा पाय केला आहे. जुनं लाकूड, नवी खुर्ची. इतक्या बारक्या किड्याने किती मोठमोठ्या व्यापाऱ्यांचं पितळ उघडं पाडलं असेल! काही लोकांनी सुईने किंवा ड्रिलने भोकं पाडून कीड 'लावूनही' बघितली. पण ड्रिलचं भोक सरळ आत जातं, अळी वळणं घेते.

खुर्च्यांची गोष्ट निराळीच आहे आणि तिचा धागा पूर्वेकडे येतो. १६६० नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून वेत लंडनला जायला लागला. अक्रोडाची चौकट, पाठ आणि बैठक वेताने विणलेली. हलकी, स्वस्त, धूळ धरत नाही, कसर लागत नाही. लोकांनी इतकी उचलून धरली की लोकरीचं कापड विणणारे घाबरले, कारण त्यांच्या कापडाने मढवलेल्या खुर्च्या कुणी घेईना. त्यांनी वेतावर बंदी मागितली. त्यावर खुर्चीवाल्यांनी १६८० च्या दशकाच्या शेवटी जो अर्ज केला, त्यात वर्षाला सहा हजार डझन वेताच्या खुर्च्या बनतात आणि दोन हजार डझनांवर परदेशी जातात असं म्हटलं होतं. अर्जात आकडे फुगवायची रीत सगळीकडे सारखीच, पण निम्मे धरले तरी थोडे नाहीत. यातल्या स्वस्त खुर्च्या बीचच्या लाकडाच्या असत आणि अक्रोडासारख्या रंगवलेल्या. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच खुर्च्यांचा वेत फाडून त्यावर गादी ठोकली गेली. गादी काढली की चौकटीत वेत ओवायची भोकं रांगेने दिसतात.

सहा खुर्च्यांच्या आठ करायचा खेळही याच धंद्यातला. सहा खुर्च्या सुट्या करायच्या, प्रत्येकीचा एखाददुसरा भाग काढून घ्यायचा, तिथे नवा घालायचा आणि काढलेल्या भागांतून आणखी दोन उभ्या करायच्या. आठहीत थोडं-थोडं जुनं, म्हणून एकही सरळ खोटी ठरत नाही. पुरणात पीठ मिसळावं तसं.

साध्या खुर्चीवर नंतर नक्षी कोरणारेही होते, कारण नक्षीच्या खुर्चीला दाम जास्त. पण मूळ कोरीवकाम करणारा सुतार आधीच तिथे जास्त लाकूड ठेवतो, म्हणून त्याचं पान पायाच्या रेषेच्या वर उठून दिसतं. नंतर कोरणाऱ्याकडे जादा लाकूड नसतंच. त्याचं पान आत खणल्यासारखं बसतं. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी समजतं.

अक्रोडाचे दिवस संपले कशाने? फ्रान्समध्ये १७०९ चा हिवाळा इतका कडक होता की अक्रोडाची झाडं मोठ्या संख्येने गारठून मेली, आणि पुढे १७२० मध्ये फ्रान्सने लाकूड बाहेर जाऊ देणं थांबवलं असं फर्निचरच्या पुस्तकांत सांगतात. त्याहून मोठं कारण म्हणजे १७२१ चा इंग्लंडचा कायदा. अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात त्याने उठवली. जमैकाहून महोगनी यायला लागली. रुंद फळ्या, टिकाऊ, किडा सहसा लागत नाही. ती झाडं तोडणारे आणि ओढणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते, हेही इथे सांगितलं पाहिजे. चकचकीत मेजांच्या कौतुकात ते नेहमी गळून जातं. हळूहळू श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून अक्रोड बाहेर पडलं आणि नोकरांच्या खोल्यांत, माळ्यावर, शेतघरांत गेलं. तिथे त्यावर बादल्या ठेवल्या गेल्या, रंग फासले गेले, आणि खरं तर तिथेच त्यातली काही कपाटं हात न लागता वाचली.

ज्यांना हात लागला, त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान मला विचाराल तर पाय बदलल्याने झालं नाही. ते झालं पॉलिशने. आणि इथे आपला प्रत्यक्ष संबंध येतो. लाख ही आपल्याकडची. पळसावर, कुसुंबावर, बोरीवर लाखेचे किडे बसतात आणि आपल्याभोवती जे कवच करतात ती लाख. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही ती होते. तिची पातळ पापडी केली की झाली चपडी लाख, जी आपले पॉलिशवाले स्पिरिटमध्ये विरघळवतात. इंग्लंडात १६८८ साली स्टॉकर आणि पार्कर यांनी रोगण कसं करावं याचं पुस्तक छापलं, त्यात लाखेची कृती आहे. घरंदाज मुलींना तेव्हा भरतकामासारखा हा रोगणाचाही छंद शिकवत. पण अक्रोडाच्या जुन्या कपाटांवर जी चमक होती ती पातळ रोगणाची आणि वर्षानुवर्षं चोळलेल्या मेणाची. मऊ, आतून आल्यासारखी.

१८२० च्या सुमारास फ्रान्सची नवी पद्धत आली. लोकरीचा बोळा फडक्यात गुंडाळायचा, लाखेच्या पाण्यात बुडवायचा आणि गोल-गोल फिरवत हातावर हात चढवत जायचं, आरसा होईपर्यंत. नवीन सामानाला छान दिसतं. पण त्या आरशाची चटक लागली आणि लोकांनी जुनी कपाटंही आणून दिली. आधीचा थर पोलादी पात्याने खरवडून काढायचा, मग नवा चढवायचा. दीडशे वर्षांत अक्रोड उन्हाने उजळून मधाच्या रंगावर आलेलं असतं. हाताचा स्पर्श, मेण, धूर, सगळं त्या वरच्या कातडीत असतं. ती एका दुपारी भुसा होऊन खाली पडायची. पाय परत लावता येतात. ही कातडी परत येत नाही.

हे काम लंडनच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत चालायचं आणि पॉलिशच्या कामात बायकाही होत्या. स्पिरिटच्या वासात दिवसभर उभं राहून हात फिरवायचा. आपल्या इकडून गेलेली लाख, तिकडच्या बायकांचे हात. त्यांची नावं कुठल्या लेबलवर नाहीत. कपाटाचं नुकसान झालं त्याचा दोष मी त्यांना देणार नाही. त्यांना सांगितलं तसं त्यांनी केलं, आणि फार सफाईने केलं.

अक्रोडाचे दिवस परत फिरले ते विसाव्या शतकात. पर्सी मॅक्वॉइड यांनी १९०४ ते १९०८ या काळात इंग्रजी फर्निचरचा चार खंडांचा इतिहास लिहिला आणि ओक, अक्रोड, महोगनी, सॅटिनवुड अशी युगंच पाडली. युग म्हटलं की त्याला मागणी आलीच. पहिल्या महायुद्धानंतर तर इंग्लंड-अमेरिकेतले श्रीमंत लोक 'राणी ॲनच्या काळातलं' अक्रोड शोधत फिरायला लागले. राणी १७१४ मध्ये वारली, आणि तिच्या नावाने विकलं जाणारं निम्मं सामान ती गेल्यावरचं आहे, पण नाव गोड म्हणून चिकटलं. लोकांना लहान वस्तू हव्या होत्या, कारण आता ते फ्लॅटमध्ये राहत. मग मोठी कपाटं कापून लहान केली गेली. कापलेलं कपाट ओळखायला सोपं. खणाच्या एका बाजूचे दात जुने, दुसऱ्या बाजूचे नवे, आणि चावीचं भोक मधोमध राहत नाही. राहिलंच तर त्यासाठी कुणीतरी ते बुजवून सरकवलेलं असतं. साध्या ओकच्या जुन्या कपाटावर अक्रोडाचा पापुद्रा चढवणं हीदेखील त्याच काळातली करामत. १९३१ मध्ये हर्बर्ट सेसिन्स्की या जाणकाराने बनावट फर्निचर करण्याच्या 'हळुवार कलेवर' पुस्तकच लिहिलं. वाचून गिऱ्हाइकं शहाणी झाली, आणि बनवणारेही.

मग खरं काय आणि खोटं काय? माझा हिशेब साधा आहे. दुरुस्ती दिसली तरी चालेल, लपली नाही म्हणजे झालं. आजची संग्रहालयं असंच बघतात. मोडलेला भाग जोडायचा, पण नंतर कुणाला काढता येईल असा. त्यासाठी अजूनही गरम सरस वापरतात, कारण तो कोमट पाण्याने आणि उबेने सुटतो. आपल्या फेव्हिकॉलसारखा पक्का बसत नाही, हाच त्याचा गुण. आणि काय केलं ते कागदावर लिहून ठेवायचं. व्यापाऱ्याने पाय नवे आहेत, माथा नवा आहे असं बिलावर लिहून दिलं, तर तेच कपाट मी अभिमानाने घरात ठेवीन. तोंडाने सांगेन, बिलावर लिहिणार नाही असं म्हणाला तर नमस्कार करून निघून यावं. हे जुन्या सागवानी पलंगालाही लागू आहे आणि चोरबाजारातल्या शिसवी खुर्चीलाही.

दोन हजार सालानंतर वारं पुन्हा फिरलंय. तिकडच्या नव्या पिढीला तपकिरी, जड सामान नको आहे. साध्या प्रतीच्या जुन्या कपाटांच्या किमती खूप खाली आल्यात. अगदी उत्तम, हात न लागलेल्या वस्तू अजून महाग जातात, पण मधल्या प्रतीच्यांना कुणी विचारत नाही. त्यामुळे आता बदलही वेगळेच होतात. मधल्या काळात जुन्या कपाटांची पोटं रिकामी करून त्यांत टीव्ही बसवले. टीव्ही भिंतीवर गेले तशी ती पोटं रिकामीच राहिली. हल्ली खणांच्या कपाटाच्या माथ्यावर गोल भोक पाडून बेसिन बसवतात, आणि पाइप जायला वरचे दोन खण मागून अर्धे कापतात. पुढची फळी तशीच ठेवतात, मुठीसकट. समोरून बघणाऱ्याला वाटतं खण आहेत. ओढले तर उघडत नाहीत.